हिरवं रेक्झिन : नाव खोडूनही ओळखू आलेल्या एका तक्रारीचं प्रकरण

हे लिहायला अशिलानं परवानगी दिली ती एका अटीवर. "वाचून माझ्या बायकोलासुद्धा कळता कामा नये, वकीलसाहेब." म्हणून माल बदललाय, घाट बदललाय, आकडेही थोडे इकडचे तिकडे केलेत. भाजी लिहिलंय तिथं भाजीच असेल असं नाही. घडलं ते मात्र असंच घडलं.

बेळगाव-खानापूर पट्ट्यातून रोज पहाटे माल घाट उतरतो आणि गोव्याच्या बाजारात जातो. तिकडच्या स्वयंपाकघरांचं बरंचसं आपल्याच रानांवर चालतं, हे इथल्या कुणाला सांगायला नको. अशाच एका बाजारगावात टेम्पोमालकांची युनियन आहे. गाड्या साठेक. बाजाराच्या मागच्या बाजूला पत्र्याची खोली, आत एक टेबल, टेबलावर हिरवं रेक्झिन आणि त्यावर 'नंबर वही'. मालकानं यायचं, वहीत नंबर लावायचा. ज्याचा नंबर त्याला भाडं. व्यापाऱ्याला कुठली गाडी मिळणार ते व्यापारी ठरवत नाही, वही ठरवते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. ही पद्धत सुरू झाली ती चांगल्या हेतूनं. पाच गाड्यावाल्यानं सगळी भाडी ओढून नेऊ नयेत, एका गाडीवाल्याच्या घरीही चूल पेटावी. मी लहानपणी हे पाहिलंय आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पण वही जुनी होत गेली तशी तिच्यात एकेक ओळ वाढली. फेरीचं भाडं एकच, कुणीही त्याखाली उतरायचं नाही. बाहेरची गाडी भरली तर व्यापाऱ्याला दंड आणि दोन दिवस गाडी बंद. नाशवंत मालाला दोन दिवस म्हणजे काय, ते ज्याच्या वखारीत कोथिंबीर पिवळी पडते त्यालाच विचारा. आणि नव्या गाडीमालकाला युनियनमध्ये यायचं तर प्रवेशाची रक्कम इतकी की कर्ज काढून गाडी घेतलेल्याला ती झेपूच नये.

कायद्याच्या भाषेत हे स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३(३) मध्ये बसतं. आपसात स्पर्धक असलेल्यांनी मिळून दर ठरवणं, सेवा रोखून धरणं, बाजार वाटून घेणं, टेंडर ठरवून भरणं, असा करार दिसला की त्यानं स्पर्धेचं नुकसान होतं असं कायदा गृहीत धरतो. नुकसान होत नाही हे सिद्ध करण्याचं ओझं मग करणाऱ्यांवर येतं. नावात 'युनियन' असलं म्हणून सुटका नाही, कारण हे काही पगारी कामगार नव्हेत, प्रत्येक जण आपापल्या गाडीचा धंदेवाला आहे. पंजाबातल्या किरतपूर साहिबच्या ट्रकमालकांच्या संस्थेविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगानं, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या केंद्राच्या संस्थेनं, २०१५ साली निर्णय दिला तो अशाच भाड्याच्या मक्तेदारीवरून.

माझा अशील म्हणजे ती वही लिहिणारा. त्याला वहीवालाच म्हणू. बारा वर्षं युनियनच्या पगारावर. मराठी अक्षर मोत्यासारखं, कन्नडही सुबक. वहीतल्या निम्म्या सह्या मराठी, निम्म्या कन्नड, आणि दोन्ही वाचता येणारा खोलीत तो एकटाच. त्याच्या मेहुण्यानं कर्ज काढून जुना टेम्पो घेतला आणि आठ महिने नंबराविना दारात उभा ठेवला. वहीवाला आपल्याच हातानं रोज साठ नावं लिहायचा, त्यात मेहुण्याचं नाव नसायचं. एके दिवशी त्यानं वहीच्या दोन पानांचे मोबाइलवर फोटो काढले आणि एका स्थानिक सरकारी कार्यालयात अर्ज दिला. अर्जाच्या तळाशी लाल शाईनं, खाली दोन रेघा ओढून : "कृपया माझे नाव गुप्त ठेवावे ही नम्र विनंती."

कार्यालयानं काय केलं? कुठलंही कार्यालय करतं तेच. युनियनला पत्र गेलं, कन्नडमध्ये. सोबत तक्रारीची प्रत जोडली आहे, आठ दिवसांत खुलासा सादर करावा. अर्जदाराचं नाव आणि पत्ता निळ्या बॉलपेननं गिचमिडून खोडला होता. नाव गुप्त ठेवलं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असणार. फोटो मात्र जसेच्या तसे, तेही रंगीत.

युनियनच्या बैठकीत अध्यक्षांनी ती प्रत उजेडाकडे धरून खोडलेलं नाव वाचायचा खटाटोप केला. जमला नाही. मग कुणीतरी फोटोवर बोट ठेवलं. वहीच्या पानाबाहेर, डाव्या कोपऱ्यात, हिरवं रेक्झिन दिसत होतं आणि त्यात उदबत्तीनं जळून पडलेलं एक भोक. शेंगदाण्याएवढं. ते भोक गेली दोन वर्षं सगळ्यांच्या कोपराखाली होतं. म्हणजे फोटो खोलीत बसून काढलेला. खोलीची किल्ली तिघांकडे : अध्यक्ष, वहीवाला, आणि सकाळी झाडलोट करून दिवसभर चहा आणून देणारे एक म्हातारे. त्यांना सगळे मामा म्हणत.

वहीवाल्यावर संशय आलाच नाही. "आपल्याच वहीचा फोटो आपणच काढून पाठवायला हा काय येडा हाय?" असं अध्यक्ष त्याच्यादेखत म्हणाले. मामांचा मुलगा मात्र अधूनमधून बाहेरची गाडी चालवायचा. एवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी किल्ली काढून घेतली आणि मामांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

त्यानंतर अकराव्या दिवशी वहीवाला माझ्याकडे आला. कोर्टाच्या आवारात नाही, रात्री घरी. बराच वेळ टेम्पो, भाडं, मेहुणा यांचंच बोलत राहिला. निघताना चप्पल घालता घालता म्हणाला, "मामांना काढलं वो साहेब. मी काढलेल्या फोटोमुळं." मग चप्पल काढून परत आत येऊन बसला.

दार कुठलं ठोठवायचं

त्याची पहिली सूचना होती, "निनावी टाकूया की." येतं तसं करता. आयोग स्वतःहूनही चौकशी सुरू करू शकतो, त्यामुळं निनावी पत्र कधीकधी कामी येतंही. पण आयोगानं ते हाती घ्यावं असं बंधन नाही, त्रुटी निघाली तर विचारायला पलीकडे माणूस नाही, आणि पुढं काय झालं ते पत्र टाकणाऱ्याला कळत नाही. नाव देऊन ते झाकून घेणं हा निराळा मार्ग आहे.

कलम १९ खाली कुणीही व्यक्ती आयोगाला माहिती देऊ शकते. स्वतःचं नुकसान झालेलं असायला हवं असं नाही. ओला-उबरच्या प्रकरणात २०२० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं. तो माहिती देणारा मूळ मुद्द्यावर हरला, पण जाता जाता बाकीच्यांसाठी दार उघडून गेला. त्याच निकालात न्यायालयानं आयोगाच्या २००९ च्या सर्वसाधारण विनियमांतल्या ३५ व्या विनियमाकडे बोट दाखवलं : माहिती देणाऱ्यानं लेखी विनंती केली तर आयोग त्याची ओळख गुप्त ठेवेल. हेतू हा की कायदा मोडणाऱ्यांकडून त्याचा छळ होऊ नये. इथं शब्द 'ठेवू शकेल' असा नाही, 'ठेवेल' असा आहे. आमच्या लाल शाईच्या नम्र विनंतीत आणि यात हाच फरक.

आयोगाच्या आदेशांत अशा माणसाच्या जागी तीन अक्षरं छापली जातात, एक्सवायझेड. गुगलच्या प्ले स्टोअरमधल्या बिलिंगवरून २०२२ साली ९३६.४४ कोटींचा दंड झाला (अपिलात पुढं तो बराच उतरला), त्या प्रकरणाची पहिली माहिती अशाच एका एक्सवायझेडनं दिलेली. हे सांगितल्यावर वहीवाला पहिल्यांदा हसला. "म्हणजे गुगललासुद्धा म्हाईत नाही कोण ते?"

मी त्याला तिथंच थांबवलं, कारण त्या विनियमाला एक शेपूट आहे. कायद्याच्या कामासाठी ओळख उघड करणं गरजेचं वाटलं तर आयोग तसं करू शकतो, फक्त आधी माहिती देणाऱ्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. म्हणजे हमी भक्कम आहे, पण पोलादी नाही. आणि ती फक्त नावापुरती. आमचं पहिलं प्रकरण फसलं ते नावामुळं नव्हतंच.

कागद कुणाकुणाच्या हातात होता

यावर मी जवळजवळ तीन आठवडे घालवले. एवढा वेळ खून खटल्यातही दिला नसेन.

वहीवाल्याकडे पुराव्याचं गाठोडं होतं. वहीच्या आणखी पानांचे फोटो, दंडाच्या पावत्यांची स्थळप्रत, अध्यक्षांच्या हातची एक चिठ्ठी, व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे निरोप. मी जमिनीवर सगळं मांडलं आणि प्रत्येक कागदाला एकच प्रश्न विचारला : हा आणखी कुणाकडे असू शकतो? वहीचं पान : तिघांकडे, आणि मामा गेल्यावर दोघांकडे. बाद. पावतीची स्थळप्रत : एकट्या वहीवाल्याकडे. बाद. पण त्याच पावतीची मूळ प्रत दंड भरलेल्या व्यापाऱ्याकडे असते, आणि असे व्यापारी वीस-पंचवीस. ती मिळवायची. अध्यक्षांची चिठ्ठी म्हणजे सोनं होतं, दर आणि तारीख दोन्ही त्यांच्या अक्षरात. ती बाजूला ठेवताना वहीवाल्याचा जीव वर-खाली झाला. पण ती त्याच्या एकट्याच्या हातात दिलेली होती. व्हॉट्सअॅपचे निरोप साठ जणांना गेलेले, ते घेतले. फक्त स्क्रीनशॉट त्याच्या फोनवरचा नको. वर कोपऱ्यात बॅटरी, नेटवर्क, ग्रुपला दिलेलं टोपणनाव, सगळं दिसतं. निरोपांचा मजकूर तारीखवार टाइप करून घेतला आणि मूळ प्रती गोपनीय भागात ठेवल्या.

मग बाद केलेलं फुकट गेलं का? नाही. आपण दिलं ते पुरेसं वाटलं तर आयोग कलम २६(१) खाली महासंचालकांना, म्हणजे आयोगासाठी तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांना, तपासाचा आदेश देतो. महासंचालकांना कागद मागवण्याचा, माणसं बोलावण्याचा अधिकार असतो, मॅजिस्ट्रेटच्या परवानगीनं झडतीचाही. वही त्यांनी युनियनकडून स्वतः हस्तगत केली तर ती आली कुठून हा प्रश्नच उरत नाही. म्हणून अर्जात लिहिलं की युनियनच्या कार्यालयात रोजची नंबर नोंद ठेवली जाते. एवढंच. रेक्झिनचा रंग नाही लिहिला.

यात आणखी एक हिशेब होता. माहिती देणारा निराळा, साक्षीदार निराळा. वहीच्या पानावर सगळा खटला उभा केला असता तर उद्या उलटतपासणीची मागणी आली असती, आणि त्या पिंजऱ्यात एक्सवायझेडला उभं करता येत नाही. पुरावा स्वतःच्या पायावर उभा राहणारा हवा, माणसाच्या खांद्यावर बसलेला नको. पुणे महापालिकेच्या घनकचऱ्याच्या टेंडरांचं प्रकरण (आयोगाचा आदेश २०१८ चा) मी मुद्दाम वाचून काढलं. तिथं माहिती देणारी नागरिकांची संस्था होती, उघड नावानं. ठरवून टेंडर भरणाऱ्यांची मिलीभगत पुढं त्यांच्यातल्याच काहींच्या कबुलीतून आणि कागदांतून उघडी पडली. आधी कबूल करणाऱ्याला दंडात सूट देणारं कलम ४६ त्यासाठीच आहे, पहिल्याला पूर्ण शंभर टक्क्यांपर्यंत. आमच्या युनियनमधलाही कुणी गाडीमालक उद्या त्या दारानं जाऊ शकतो. वहीवाल्याला ते दार लागू नव्हतं, त्याची गाडीच नाही.

अर्जाची भाषा हा निराळाच ताप. वहीवाला बोलताना 'गाडी पाळीला लागली' असं म्हणतो, बाकीचे 'नंबरला लागली' म्हणतात. पहिल्या मसुद्यात मी त्याच्याच तोंडचं उतरवलं होतं. इंग्रजीत 'पाळी'चं काय होतंय, कुणाच्या लक्षात येणार, असं मला वाटलं. पण मराठी-कन्नड कागदांना इंग्रजी तर्जुमा जोडावा लागतो आणि मूळ कागदही सोबत जातो. दोन ठिकाणी शब्द बदलले.

तर्जुमा कुणाकडून करून घ्यायचा? कोर्टाजवळ एक उत्तम भाषांतरकार आहेत, त्यांच्या सख्ख्या चुलतभावाच्या दोन गाड्या त्याच वहीत. मराठी मी केलं. कन्नडसाठी धारवाडच्या एका जुन्या मित्राला गावाचं नाव काढून मजकूर पाठवला.

गोपनीयता मागायची तर कारणांसह प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कुठला भाग गोपनीय आणि का, हे मागणाऱ्यानंच स्वतः प्रमाणित करायचं, आणि सोबत तो भाग झाकलेली दुसरी प्रत जोडायची. प्रतिज्ञापत्र म्हणजे नोटरी, नोटरी म्हणजे रजिस्टर, आणि रजिस्टरात नाव, सही, वेळ. आपल्याकडे नोटरीच्या टेबलाभोवती चार माणसं कायम टेकलेली असतात. म्हणून एका सोमवारी दोघं वेगवेगळ्या बसनं कोल्हापूरला गेलो. फी व्यक्तीसाठी पाच हजार. डिमांड ड्राफ्टवर स्पर्धा आयोगाचं नाव लिहावं लागतं, आणि गावातल्या बँकेच्या काउंटरवर ते वाचायला एक जण पुरतो. ती ऑनलाइन भरली.

आणि एवढं सगळं करून चूक मीच केली. झाकलेल्या प्रतीत मी प्रत्येक पानावर नाव काळं केलं. सुरुवातीला काळ्या मार्करनं. ज्युनिअरनं कागद ट्यूबलाइटकडे धरला आणि नाव वाचून दाखवलं. मग पीडीएफमध्ये काळ्या पट्ट्या टाकल्या. त्याच मुलीनं पट्टी सिलेक्ट करून मजकूर कॉपी केला आणि दुसरीकडे पेस्ट केला, नाव पुन्हा हजर. शेवटी मजकुरातूनच नाव काढून टाकून नव्यानं छापलं. पाठवायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "सर, इंडेक्स बघितलात का?" अनुक्रमणिकेच्या सातव्या ओळीत लिहिलं होतं, 'प्रतिज्ञापत्र', आणि पुढं वहीवाल्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह. त्या कार्यालयातल्या बॉलपेनवाल्या कारकुनाला मी तीन आठवडे नावं ठेवत होतो. त्या रात्री ते बंद केलं.

जिथं कायदा पोचत नाही

गोपनीयतेची तटबंदी आयोगाच्या आत आहे. माहितीच्या अधिकारातही आडोसा आहे : कलम ८(१)(छ), विश्वासानं माहिती देणाऱ्याची ओळख उघड होईल किंवा त्याच्या जिवाला धोका होईल अशी माहिती नाकारता येते. पण बाहेर, त्या पत्र्याच्या खोलीत, नुसत्या संशयावरून कुणाला काढून टाकलं तर स्पर्धा कायद्यात त्यासाठी कलम नाही. नोकरी परत द्या असं सांगण्याची सोय नाही. जागल्यांच्या (व्हिसलब्लोअर्सच्या) संरक्षणाचा २०१४ चा कायदा राष्ट्रपतींच्या सहीनिशी कागदावर आहे. तो अजून लागू केलेला नाही, आणि केला तरी तो सरकारी नोकरांच्या भ्रष्टाचाराबाबत, टेम्पोच्या वहीबाबत नाही. चौकशी चालू असताना कलम ३३ खाली एखादं कृत्य तात्पुरतं थांबवण्याचा आदेश मागता येतो, त्यानं बाहेरच्या गाडीचा दंड थांबू शकेल. मामांची किल्ली त्यानं परत येत नाही.

आणि मामांनी तर काहीच केलेलं नव्हतं. कायदा माहिती देणाऱ्याला झाकतो. त्याच्या जागी धरलेल्याचं काय, याचा विचार मला कुठल्याच कलमात सापडला नाही. मी मामांना मजुरीच्या कायद्याखाली काही करता येईल का म्हणून निरोप पाठवला, दुसऱ्याच निमित्तानं. ते आले नाहीत. "वकिलाकडं गेलो तर मीच केलं असं म्हणतील की," असं त्यांनी निरोप्याला सांगितलं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कागद दिल्लीला गेले. आयोगाकडे माहिती देण्याच्या तीन वर्षांच्या मुदतीची अडचण नव्हती, प्रकार चालूच होता. आयोगाकडून एकदा त्रुटींचं पत्र आलं, किरकोळ, पानांच्या क्रमांकांबद्दल. ते माझ्या पत्त्यावर आलं, वहीवाल्याच्या नाही. पुढचं आयोगाच्या हातात आहे आणि त्याबद्दल इथं लिहिणं बरोबर नाही. युनियननं त्या पहिल्या खुलाशानंतर महिनाभर दंड घेतला नाही, मग पुन्हा सुरू केला. मेहुण्यानं टेम्पो विकला.

वहीवाला अजून वही लिहितो. टेबलावर आता नवं रेक्झिन आहे, तपकिरी. मामा एसटी स्टँडबाहेर गाड्यावर चहा विकतात. वहीवाला रोज तिथंच थांबतो, वाटेत दुसरी दोन हॉटेलं असताना. मागच्या महिन्यात त्यानं मला विचारलं, त्यांना सांगू का? निदान त्यांना तरी. मी म्हटलं, निकाल लागेपर्यंत नको, मामांना कळलं तर तेच पहिले साक्षीदार होतील. तो बरं म्हणाला. मग म्हणाला, काल मामा विचारत होते, कुणी दिली असेल रे तक्रार, तुला काय वाटतं?

"मग तू काय म्हणालास?"

"आणखी एक चहा सांगितला."